ही जागा ऐक

माझा मामा मिरजेचा. त्याच्याकडे जुना रेकॉर्ड प्लेअर होता आणि रेकॉर्ड ऐकवायची त्याची स्वतःची तऱ्हा होती. 'हा गवई फार मोठा' वगैरे तो कधी सांगत नसे. चहाचे कप आत गेले की रेकॉर्ड पाकिटातून काढायचा, खिडकीच्या उजेडात तिरकी धरून तिच्यावरच्या रेघा निरखायचा आणि सुई अलगद मधेच कुठेतरी टेकवायचा. दोन-तीन आवर्तनं जायची. मग त्याचा उजवा हात किंचित वर यायचा. "आता ही जागा ऐक."

जागा यायची, निघून जायची. मामा एक शब्द बोलायचा नाही, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचा. तिथे काही हललं तर पुढचे दोन तास त्या माणसाचे. नाही हललं तर रेकॉर्ड परत पाकिटात. आग्रह नाही, व्याख्यान नाही.

त्या गाण्यातच मी वाढलो, पण कॉलेजात गेल्यावर रमलो रॉकमध्ये, आणि त्यातही सायकेडेलिक रॉकमध्ये. तिथे गिटारचा सूर ताणला जातो, फाटतो, गोल फिरून परत येतो, आणि गाण्याला संपायची घाई नसते. गेली वीस वर्षं मी ओळखीच्या लोकांना असे बँड सुचवत आलोय. पहिली दहा वर्षं मी याद्या पाठवायचो. चाळीस बँड, प्रत्येकापुढे देश, साल, तीन-तीन अल्बम. रात्र रात्र बसून केलेल्या त्या याद्या लोकांनी प्रेमाने घेतल्या आणि कुणीही ऐकल्या नाहीत. त्यांचं काही चुकलं नव्हतं. दिवसभर राबून, लोकलमध्ये उभं राहून घरी आलेल्या माणसाच्या हातात मी अभ्यास ठेवत होतो.

मामा गेल्यावर त्याच्या रेकॉर्ड आवरायला मिरजेला गेलो होतो. पाकिटांच्या आतल्या कडेला बारीक शिसपेन्सिलीने नोंदी सापडल्या. 'दुसरी बाजू, संपता संपता.' 'तिसऱ्या अंतऱ्यानंतर, पेटी थांबते तिथे.' एका पाकिटावर नुसतं 'निषाद!'. कोण श्रेष्ठ, कोण दुय्यम, असलं कुठेच काही नव्हतं. होत्या त्या फक्त जागा. मी संध्याकाळपर्यंत जमिनीवर बसून त्या वाचत राहिलो.

तेव्हापासून याद्या बंद. आता एका माणसाला एक गाणं पाठवतो आणि त्यातली एक जागा सांगतो. इथे लिहितोय तेही तसंच, फक्त या वेळी समोर चेहरे नाहीत, म्हणून जरा जास्त बोलावं लागणार.

सुरुवात झांबियापासून, कारण आजवर सगळ्यात जास्त माणसं मी याच दारातून आत नेली आहेत.

झांबिया १९६४ साली स्वतंत्र झाला. देशाच्या उत्तरेला तांब्याच्या खाणींचा पट्टा, आणि निर्यातीचा जवळपास सगळा भार त्या तांब्यावर. खाणगावांत हातात पगार खेळत होता, रेडिओवर ब्रिटिश आणि अमेरिकी रॉक वाजत होतं, आणि नव्या देशात वयात आलेली पोरं होती. त्यांनी गिटार उचलल्या. त्यातून जे निघालं त्याला पुढे झॅमरॉक म्हणू लागले. त्यातला सगळ्यात गाजलेला बँड विच. हे आद्याक्षरांचं नाव, पूर्ण नाव 'वी इंटेंड टू कॉज हॅवॉक'. आम्ही उत्पात माजवणार आहोत, असं सरळ नावातच सांगून टाकलेलं. गायक इमॅन्युएल चांडा. रोलिंग स्टोन्सचा गायक मिक जॅगर याच्या नावाला आफ्रिकी वळण मिळून तो झाला 'जगारी', आणि आज सत्तरी ओलांडल्यावरही जग त्याला त्याच नावाने ओळखतं.

१९७२ साली त्यांची 'इंट्रोडक्शन' आली. झांबियातल्या बँडने बाजारात आणलेली ती पहिली एलपी. पण तुम्ही १९७५च्या 'लेझी बोन्स'पासून सुरू करा. 'ब्लॅक टिअर्स' लावा आणि आधी गाण्याकडे नाही, खोलीकडे कान द्या. ड्रम कोरडे आहेत, समोरच्या भिंतीला टेकून कुणी वाजवावेत तसे. त्यावर फझ, म्हणजे सूर खरखरीत करणारं पेडल, लावलेली गिटार येते तेव्हा तिच्याभोवती कसलाही साज नाही, धूर नाही. सूर नुसता उघडा उभा. महागड्या स्टुडिओत तयार झालेल्या कित्येक रेकॉर्डमध्ये ही जवळीक मला मिळालेली नाही. वाजवणारी पोरं पलीकडच्या खोलीत आहेत आणि दार उघडंच राहिलंय, असं वाटत राहतं.

मग सगळं एकामागून एक ढासळलं. १९७३च्या सुरुवातीला दक्षिणेकडच्या ऱ्होडेशियाची, म्हणजे आजच्या झिंबाब्वेची, सीमा बंद झाली. शेजारच्या देशांमधल्या मुक्तिलढ्यांची झळ इकडे लागली, रात्रीची संचारबंदी आली, बँड दुपारीच कार्यक्रम करू लागले. दशकाच्या मध्यावर तांब्याचा भाव कोसळला आणि रेकॉर्ड विकत घेण्याइतका पैसा लोकांच्या खिशात उरला नाही. त्यानंतर एड्स आला. विचच्या गाजलेल्या संचातला एकेक जण गेला आणि जगारी एकटा मागे राहिला. मधल्या काळात त्याने संगीत शिकवलं, पुढे रत्नांच्या खाणीत खोदकाम करून पोट भरलं. एका आख्ख्या पिढीचं संगीत फुटक्या, घासलेल्या रेकॉर्डमध्ये पडून होतं.

लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन या छोट्या रेकॉर्ड कंपनीने ती सगळी गाणी गोळा करून २०१०नंतरच्या दोन-तीन वर्षांत पुन्हा काढली. जगारी पुन्हा रंगमंचावर उभा राहिला, साठी उलटल्यावर युरोप-अमेरिकेत गायला. २०२३ साली विचचा नवा अल्बम आला, 'झांगो'. तो लुसाकातल्या डीबी स्टुडिओत केलाय, ज्या स्टुडिओत 'लेझी बोन्स' झाला होता तिथेच. मधे जवळजवळ पन्नास वर्षं. 'झांगो' मी पहिल्यांदा डोंबिवली–दादर प्रवासात ऐकला. उतरायचं स्टेशन आलं तेव्हा ऐकणं थांबवता येईना, म्हणून फलाटावरच्या बाकावर बसून संपवला. 'अॅव्हलांच ऑफ लव्ह' या गाण्यात जगारीच्या शेजारी सम्पा द ग्रेट ही झांबियातच जन्मलेली तरुण रॅपर आहे. तिचा आवाज आत शिरतो ती जागा ऐका.

याच नाऊ-अगेनने आपल्या मुंबईचाही एक बँड पुन्हा उजेडात आणला, अॅटॉमिक फॉरेस्ट. सत्तरच्या दशकात मुंबईत वाजवणारी ही मंडळी; त्यांची रेकॉर्ड 'ऑब्सेशन ७७'. शीर्षकाचाच तुकडा लावा, चार मिनिटांत कळेल की त्या काळात या शहरात काय काय चालू होतं. ज्या शहरात मी रोज जातो-येतो, तिथला हा बँड मला कॅलिफोर्नियाहून कळावा याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हाच्या मुंबईत रॉक ऐकलेली, वाजवलेली माणसं आज आजोबा झाली असतील. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्यांना विचारा, त्यांच्याकडच्या टेपा बघा. मी माझ्या ओळखीत सगळ्यांना विचारून झालंय.

नवा बँड शोधायची माझी एकच रीत आहे: माणसांचा माग काढायचा. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला कुणी काय वाजवलं ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तिथे एखादं नाव दुसऱ्यांदा दिसलं की थांबायचं. जगारीच्या नव्या संचात नेदरलँड्सचा याको गार्डनर आहे. हा स्वतः फार सुरेल सायकेडेलिक पॉप करणारा माणूस. त्याचा २०१३चा 'कॅबिनेट ऑफ क्युरिऑसिटीज' रविवारी सकाळी लावावा असा. याकोच्या संचात एक बास वाजवणारा होता, यास्पर फेरहुल्स्ट. दौऱ्यावर इस्तंबूलला गेले असताना याला साठ-सत्तरच्या दशकातल्या तुर्की रेकॉर्ड सापडल्या आणि तो त्यांनी झपाटला. घरी परतल्यावर त्याने फेसबुकवर जाहिरात टाकली: तुर्की गाणारे-वाजवणारे हवेत. त्यातून मेर्वे दाश्देमिर आणि एर्दिन्च एजेवित हे दोघं मिळाले आणि अॅमस्टरडॅममध्ये 'आल्तिन ग्युन' उभा राहिला. आल्तिन ग्युन म्हणजे सोनेरी दिवस.

हे लोक अनातोलियाची, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातल्या भागाची, लोकगीतं गातात. आशिक वेसेल, नेशेत एर्ताश यांची. आशिक वेसेलची दृष्टी लहानपणी देवीच्या आजारात गेली. सिवासच्या खेड्यातला हा माणूस साझ हे लांब मानेचं तंतुवाद्य घेऊन गावोगाव गात हिंडला. त्या गाण्यांना या मंडळींनी बास, ड्रम आणि सिंथेसायझरची जोड दिली, पण गाण्याचा गाभा हलू दिला नाही. त्यांचा २०१८चा पहिला अल्बम 'ऑन' मी एकदा घरी मोठ्याने लावला होता. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. 'गोजा द्युन्या' सुरू झालं. थोड्या वेळाने हातातली जुडी तशीच घेऊन ती दारात आली.

"अरे, हा दुनिया म्हणाला का?"

म्हणाला होता. तुर्की 'द्युन्या' आणि आपली दुनिया एकाच घरची. अरबी-फारसीच्या वाटेने निघालेले शब्द एकीकडे अनातोलियात उतरले, दुसरीकडे आपल्याकडे. मग आम्ही दोघं शब्दांच्याच मागे लागलो. त्यांच्या २०१९च्या 'गेजे' या अल्बमवर 'आन्लात्माम देर्दिमी' नावाचं गाणं आहे. त्यातला 'देर्त' म्हणजे आपला दर्द. माझं दुःख मी सांगणार नाही, असं त्या नावात म्हटलंय. आई तेव्हा सत्तर वर्षांची होती, उभ्या आयुष्यात तिने रॉक ऐकलेलं नव्हतं, आणि ते गाणं तिने लागोपाठ तीनदा लावायला सांगितलं. तिला भावलेली जागा माझी नव्हतीच. तिला आवडला तो दोन ओळींच्या मधे साझ एकटाच बोलतो तेवढा तुकडा. "उत्तर देतोय तो," ती म्हणाली.

इथून मागे, मूळ तुर्की मंडळींकडे जाता येतं, आणि जाच. एर्किन कोराय, ज्याने बाग्लामाला, म्हणजे साझलाच, वीज जोडली. जेम काराजा. बारिश मान्चो. आणि या सगळ्यांत मला सगळ्यात मोठी वाटते ती सेल्दा बाजान. १९८०च्या लष्करी उठावानंतर गाण्यांपायी तिला तुरुंगात जावं लागलं, पासपोर्ट काढून घेतला गेला. तिचा १९७६चा, नुसतं 'सेल्दा' नावाचा अल्बम शोधा. त्यावर एक गाणं आहे, 'मेयदान सिझिन्दिर'. मेयदान म्हणजे मैदान. मैदान तुमचं आहे. लोकगीतातली बाई असावी तसा गळा, भोवती विजेवर चालणारी चित्रविचित्र यंत्रं, आणि त्या आवाजात मागणी आहे, विनवणी नाही.

साझच्या मानेवरचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात. आपल्या सतारीचेही सरकतात. पडदे सरकवून सूर साधणाऱ्या हाताला रॉकच्या गिटारवरची पक्की ठोकलेली पट्टी कायम थोडी अपुरी वाटत असणार, असं मला वाटतं. आणि इथे मला परत मिरजेला जावं लागतं.

मामाचं घर सतारमेकर गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर. सुट्टीत मी तिथल्या एका दुकानाच्या पायरीवर तासन्‌तास बसायचो. तंबोऱ्याची जवारी काढताना बघायला मला फार आवडायचं. घोडी म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी; तिचा माथा लांबून सपाट दिसतो, पण त्याला किंचित उतार असतो. कारागीर कानशीने तो केसाकेसाने घासतो, तार छेडतो, मान हलवतो, परत घासतो. तार घोडीवर एका ठिकाणी घट्ट न टेकता लांबीभर अलगद चाटून गेली पाहिजे. शेवटी तो तारेखाली सुताचा दोरा सरकवतो. एक केस पुढे, एक केस मागे. आणि मघापासून ठक्क वाजणारी तार एकदम उघडते. एकाच सुरातून वरचे सूर झिरपायला लागतात. जमून आलेल्या तंबोऱ्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. "लागली," एवढंच तो कारागीर म्हणायचा.

पुष्कळ वर्षांनी फझ पेडल आतून कसं चालतं ते वाचलं आणि मला तीच पायरी आठवली. फझ पेडल गिटारमधून येणाऱ्या विजेच्या लाटेचा माथा छाटून टाकतं. माथा सपाट झाला की त्या लाटेतून वरचे उपस्वर फुटतात, सूर खरखरीत होतो, भरतो, लांबतो. एकीकडे घोडी घासायची, एकीकडे लाट छाटायची. साध्या स्वच्छ सुराने दोघांचंही भागत नाही. दोघांनाही सुराच्या आत दडलेलं बाहेर काढायचंय. म्हणून आपल्याकडच्या लोकांनी 'ते कर्कश असतं' म्हणून हे संगीत बाजूला टाकलं की मी त्यांना सांगतो, तुमच्या कानाला जवारीची सवय आहे, तुम्हाला हे सगळ्यात आधी कळायला हवं. १९६८च्या सुमाराला ब्राझीलच्या 'ओस मुतांतेस' या बँडमधल्या भावांच्या थोरल्या भावाने शिवणयंत्राचे भाग वापरून आवाज फाडणारं यंत्र घरीच बनवलं होतं. साव पाउलोतला तो तरुण आणि मिरजेतला कानसवाला, दोघांचा धंदा मला एकच वाटतो.

तर किकागाकु मोयो. टोकियोत २०१२ साली जमलेला बँड. नावाचा अर्थ भूमितीची नक्षी. सुरुवातीला रस्त्यावर वाजवायचे. ढोलकरी गो कुरोसावाचा भाऊ र्‍यू, हा कोलकात्यात मणिलाल नाग यांच्याकडे सतार शिकला आणि परतल्यावर बँडमध्ये आला. रॉकमध्ये सतार नवी नाही, पण बहुतेक ठिकाणी ती उदबत्तीसारखी लावलेली असते. वासापुरती. दोन झंकार, की झाला पूर्वेचा उल्लेख. मला त्याचा मनापासून राग येतो. र्‍यूची सतार तशी नाही. ती कधी गिटारच्या खांद्याला खांदा लावून चालते, कधी तासभर दिसतच नाही.

त्यांचा २०१८चा 'मसाना टेम्पल्स' लिस्बनला जाऊन केलेला. अल्बमच्या दाराशी 'एन्ट्रन्स' नावाचा छोटा सतारीचा तुकडा आहे आणि तो संपतो तिथून 'ड्रिपिंग सन' सुरू होतं. माझी जागा म्हणजे या दोघांमधला सांधा. तिथून पुढची आठेक मिनिटं गाणं तीनदा रूप पालटतं: आधी नाचरं, मग मधे इतकं शांत की आपण आवाज वाढवायला हात पुढे करतो, आणि मग तो हात घाईघाईने मागे घ्यावा लागतो. गाण्यांचे शब्द शोधू नका. त्यांच्या कित्येक गाण्यांतले शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत, त्यांनी रचलेले नुसते आवाज आहेत. तराण्यावर वाढलेल्या माणसाला यात अडचण यायचं कारण नाही.

मिरजेला गेलो असताना हा तुकडा मी त्या पायरीवरच्या कारागिराला ऐकवला. आता ते खूप थकलेत, काम मुलगा बघतो. त्यांनी कानातली बोंडं नीट बसवून घेतली, डोळे मिटले. पुरं गाणं ऐकलं. मग बोंडं काढून माझ्या हातात देत म्हणाले, "भाचे, पोरगं शिकलेलं हाय. मागं ऱ्हाऊन वाजवतंय बघ." किकागाकु मोयोचं याहून चांगलं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. २०२२ साली ऐन भरात असताना 'कुमोयो आयलंड' हा अल्बम काढून, एक शेवटचा दौरा करून ते थांबले. गुरुगुरु ब्रेन ही आपली रेकॉर्ड कंपनी मात्र मागे ठेवून गेलेत, तिच्यावर आशियातले असे आणखी पुष्कळ बँड भेटतील.

आता सहारा. २०१०च्या आसपास आपल्याकडे स्टेशनबाहेरच्या मोबाइलच्या दुकानांवर 'मेमरी कार्ड भरून मिळेल' अशा पाट्या होत्या. वीस-तीस रुपयांत दुकानदार दोन जीबी गाणी भरून द्यायचा. निवड सगळी त्याची. त्याच काळात सहाराच्या वाळवंटात गाणी तशीच फिरत होती, फोनमधून फोनमध्ये, कार्डमधून कार्डमध्ये, ना रेकॉर्ड, ना पाकीट, कित्येकदा गायकाचं नावसुद्धा नाही. ख्रिस्तोफर कर्कली या अमेरिकी माणसाने ती गाणी फोनमधून गोळा करून 'म्युझिक फ्रॉम सहारन सेलफोन्स' हा संग्रह काढला. त्यात एक डावखुरा गिटारवाला होता, नायजर देशातला, सहारातल्या तुआरेग लोकांपैकी एक तरुण, म्दू मोक्तार. पहिली गिटार त्याने लाकडाची घरीच केली होती. तारा म्हणून सायकलच्या ब्रेकच्या केबल लावल्या होत्या.

पुढे कर्कलीने त्याला घेऊन अमेरिकी गायक प्रिन्सच्या 'पर्पल रेन' या सिनेमावरून सिनेमा केला. तुआरेगांच्या तमाशेक भाषेत जांभळ्या रंगाला शब्द नाही, म्हणून सिनेमाचं नाव ठेवलं 'थोडा तांबडा मिसळलेला निळा पाऊस'. म्दू मोक्तार माझ्या मते आज जिवंत असलेल्या पहिल्या पाच गिटारवाल्यांत बसतो. २०२१चा 'आफ्रिक विक्टिम' घ्या आणि शीर्षकगीत लावा. सात-आठ मिनिटांचं आहे, आणि ते हळूहळू वेग घेत जातं. एका टप्प्यानंतर लय कुणाच्या हातात आहे तेच कळेनासं होतं, पुढे धावणाऱ्या गिटारच्या की मागून ढकलणाऱ्या ड्रमच्या. गाणं आहे वसाहतवादाने आफ्रिकेचं काय केलं याबद्दल, आणि शेवटाकडे गिटार जे करते ते वाजवणं राहत नाही, तो आक्रोश असतो. हे गाणं बसल्या बसल्या ऐकू नका. उभं राहा, फेऱ्या मारा.

स्वीडनच्या डुन्येन या बँडबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे सांगण्यापेक्षा ऐकवणं सोपं. गुस्ताव आयस्तेसने २००४ साली 'ता देत लुंग्त' हा अल्बम केला, बरीचशी वाद्यं स्वतः वाजवली, आणि गायला फक्त स्वीडिशमध्ये. जगभर ऐकलं जावं म्हणून इंग्रजीकडे वळला नाही, आणि तरी जगभर ऐकला गेला. पहिलंच गाणं, 'पांडा', आणि त्यातली रेने फिस्केची गिटार. बस.

टेक्सासचा ख्रुआंगबिन हा बँड पुष्कळांच्या कानावर असेल, म्हणून त्याच्यावर थांबत नाही. तो आवडत असेल तर वर सांगितलेल्यांपैकी आल्तिन ग्युनपासून सुरू करा. जड गिटार आवडत असेल तर किकागाकु मोयोच्या 'हाउस इन द टॉल ग्रास'मधल्या 'सिल्व्हर आउल'पासून, आणि दहा मिनिटांचा धीर ठेवा.

झांबियाची एक रेकॉर्ड मी मघाशी मुद्दाम मागे ठेवली. अमनाझ या बँडची 'आफ्रिका', १९७५. त्यांनी हा एकच अल्बम केला. दोन गिटार शेजारी शेजारी चालतात, एक धुतलेल्या कापडासारखी स्वच्छ, एक फझची, आणि दोघी एकमेकींना सांभाळून घेतात. त्यावर 'खला माय फ्रेंड' नावाचं संथ गाणं आहे. न्यान्जा भाषेत खला म्हणजे बस, थांब. थांब, मित्रा. आवाज चढत नाही, कुणी काही सिद्ध करायला जात नाही. मामा गेल्यानंतरच्या महिन्यात मी रोज रात्री हे एकच गाणं ऐकायचो, आणि त्याच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं तसं मीही एका कागदावर लिहून ठेवलंय: 'फझची गिटार पहिल्यांदा हळू आवाजात येते तिथे.'

या रेकॉर्डचं मिश्रण, म्हणजे आवाज आणि वाद्यं एकत्र बसवणं, दोन तऱ्हांचं आहे आणि पुन्हा काढताना दोन्ही उपलब्ध केली आहेत. एक कोरडं, एक घुमारा असलेलं. पहिल्यांदा ऐकताना कोरडं घ्या, रात्री, दिवा मालवून. बाहेर पाऊस लागला असेल तर मात्र दुसरं.